‘ला’ प्रथिन आरएनएला चिकटतं, पण ट्रान्सलेशन तेच चालवतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.चा प्रकल्प चालू आहे. कॉक्सॅकी बी-३ विषाणूच्या ५′ यूटीआरचा (आरएनएच्या सुरुवातीचा, प्रथिनात न बदलणारा भाग) बायोटिन लावलेला आरएनए हीला पेशींच्या (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) अर्कात मिसळला, स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या मण्यांनी ओढून काढला (यालाच पुलडाउन म्हणतात) आणि वेस्टर्नमध्ये (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखायची चाचणी) ५० किलोडाल्टनच्या थोडं वर ‘ला’ची ठळक पट्टी आली. सशाच्या रेटिक्युलोसाइट लायसेटमध्ये (कच्च्या लाल रक्तपेशींचा, नळीत प्रथिनं बनवणारा अर्क) २०० नॅनोग्रॅम शुद्ध ‘ला’ घातल्यावर ल्युसिफरेजचं, म्हणजे यूटीआरपुढे जोडलेल्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचं, वाचन दुपटीहून जास्त झालं. पण हीला पेशींत सायआरएनएने (ठरावीक प्रथिनाचा एमआरएनए नष्ट करणारा छोटा आरएनए) ‘ला’ कमी केलं, तरी डायसिस्ट्रॉनिक प्लाझ्मिडचं (एकाच आरएनएवर दोन ल्युसिफरेज: टोकावरून वाचलं जाणारं रेनिला आणि यूटीआरवरून वाचलं जाणारं फायरफ्लाय) फायरफ्लाय-रेनिला गुणोत्तर जवळपास तेच राहिलं. मग ‘ला’ या ट्रान्सलेशनचं, म्हणजे आरएनए वाचून प्रथिन बनवण्याचं, नियंत्रण करतं असं म्हणायचं की नाही? आणि किरणोत्सारी फॉस्फरस वापरायची परवानगी नसताना पुढे काय करता येईल?

तिन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात. कॉक्सॅकी बी-३च्या आयरेसला (यूटीआरमधला, राइबोसोमला थेट आत उतरवणारा भाग) ‘ला’ मदत करतं हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सौमित्र दास यांच्या गटाने दाखवलेलं आहे, म्हणजे दिशा चुकलेली नाही. पण तुमच्या तीन प्रयोगांपैकी एकही एकट्याने नियंत्रण सिद्ध करत नाही. चिकटणं ही एक गोष्ट, चिकटल्यामुळे राइबोसोम जास्त चढणं ही दुसरी आणि संसर्गाच्या नेमक्या वेळी, पेशीद्रवात हे घडणं ही तिसरी. या तिन्ही वेगवेगळ्या दाखवाव्या लागतात.

पेशीच्या नेहमीच्या एमआरएनएवर राइबोसोम ५′ टोकाच्या कॅपवरून (टोपीसारख्या रासायनिक गटावरून) चढतो. ईआयएफ-४ई कॅप धरतं, ईआयएफ-४जी त्याला ईआयएफ-३मार्फत ४०एस उपघटकाशी जोडतं. पिकॉर्ना कुळातल्या विषाणूंच्या आरएनएला कॅप नसते. मग राइबोसोम थेट आत, आयरेसवर उतरतो. नाशिकच्या मुख्य बसस्थानकावर, सीबीएसला, न जाता वाटेतल्या द्वारका चौकातच बस पकडावी तसं. हे पोलिओ आणि ईएमसीव्ही (एन्सेफॅलोमायोकार्डायटिस) या दोन विषाणूंमध्ये १९८८ साली दाखवलं गेलं. पोलिओची २ए प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) ईआयएफ-४जीचे दोन तुकडे करते. त्यामुळे पेशीचं कॅपवर चालणारं ट्रान्सलेशन मंदावतं आणि आयरेसला मात्र उरलेला तुकडा पुरतो.

आता पेशीतली आरएनए-बंधक प्रथिनं इथे नेमकं काय करतात? ‘ला’, पीटीबी, पीसीबीपी-२, अनआर ही प्रथिनं राइबोसोमला हाताला धरून आणतातच असं नाही. बहुतेकदा ती आयरेसच्या घड्या योग्य आकारात धरून ठेवतात. ईएमसीव्हीमध्ये याचा फार सुंदर पुरावा आहे. तिथल्या एका वळणावर आरएनएची सहा ‘ए’ अक्षरं असतात. त्याच जागी सात ‘ए’ असले आणि पुढे विषाणूच्या स्वतःच्या जनुकाऐवजी रिपोर्टर जोडला, तर आयरेस पीटीबीवर अवलंबून राहतो. मूळ घडणीत ही गरज जवळपास नाहीशी होते. म्हणजे ‘या आयरेसला अमुक प्रथिन लागतं’ हे वाक्य तुम्ही कोणतं प्लाझ्मिड वापरलं यावरही ठरतं. म्हणून तुमच्या रिपोर्टरमध्ये विषाणूच्या एयूजीनंतरचा (प्रथिन जिथून सुरू होतं त्या तीन अक्षरांनंतरचा) थोडा भाग ठेवला आहे की नाही, हे सर्वात आधी तपासा.

पोलिओच्या बाबतीत ‘ला’चं काम ज्या प्रकारे उघड झालं, ते तुमच्या प्रयोगाशी थेट जुळतं. रेटिक्युलोसाइट लायसेटमध्ये पोलिओचा आरएनए नीट वाचला जात नाही. राइबोसोम चुकीच्या जागांवरून सुरुवात करतो आणि नको त्या आकाराची प्रथिनं निघतात. हीला अर्क घातला की हे सुधारतं. त्या अर्कातला ५२ किलोडाल्टनचा घटक ‘ला’ निघाला. ल्युपस आणि श्योग्रेनच्या रुग्णांच्या रक्तात ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, तेच हे प्रथिन. तेव्हा लायसेटमध्ये ‘ला’ घातल्यावर वाचन वाढणं अपेक्षितच आहे. पण ल्युसिफरेज फक्त एकूण प्रकाश मोजतं, सुरुवात योग्य एयूजीवरून झाली की नाही ते सांगत नाही. एकदा तरी ३५एस (किरणोत्सारी) मेथिओनिन किंवा बायोटिन लावलेला लायसिन-टीआरएनए वापरून प्रथिन जेलवर बघा. बायोटिनच्या पद्धतीला परवाना लागत नाही.

पुलडाउनमधली फसवणूक

‘ला’ला एक जुनी सवय आहे. आरएनए पॉलिमरेज-३ने बनवलेल्या रेणूंच्या ३′ टोकाला ओळीने ‘यू’ असतात. ‘ला’ त्या शेवटच्या यूयूयू टोकाला घट्ट धरतं. पेशीतलं त्याचं मूळ काम तेच आहे. तुम्ही प्लाझ्मिड ज्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापून टी-७ पॉलिमरेजने आरएनए बनवता, त्या कापामुळे रेणू ‘यू’वर संपत असेल, तर कोणताही आरएनए ‘ला’ला पकडेल आणि ५′ यूटीआरचा त्याच्याशी काही संबंध नसेल. आधी रेणूचं शेवटचं टोक कागदावर लिहून काढा. मग दोन उपाय आहेत: काप दुसऱ्या जागी घ्यायचा, किंवा सोडियम पेरआयोडेटने ३′ टोकाचा हायड्रॉक्सिल गट बिघडवून पुलडाउन पुन्हा करायचं. पट्टी तशीच राहिली तर बंधन आतल्या जागेवर आहे. कापण्यासाठी ३′ बाजूला शेपूट सोडणारी एन्झाइमं, म्हणजे केपीएन-१, पीएसटी-१, एसएसी-१, टाळा. त्या टोकावरून टी-७ उलटा फिरून दुसरी साखळी वाचतो आणि नमुन्यात दुहेरी आरएनए मिसळतो. याची किंमत पुढे मोजावी लागते.

स्पर्धेची चाचणी केल्याशिवाय पुलडाउनचा निकाल कुठेही लिहू नका. बायोटिन लावलेला आरएनए १ मायक्रोग्रॅम, एस-१० (गाळ काढलेला पेशींचा) अर्क ३० ते ५० मायक्रोग्रॅम, टीआरएनए १० मायक्रोग्रॅम. बफरमध्ये ५ मिलिमोलर हेपीस (पीएच ७.६), २५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, २ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, २ मिलिमोलर डीटीटी आणि सुमारे ४ टक्के ग्लिसरॉल. ३० अंशांवर २० ते ३० मिनिटं ठेवायचं. समांतर नळ्यांमध्ये बायोटिन नसलेला तोच आरएनए ५, २० आणि ५० पट, आणि तितक्याच लांबीचा असंबंधित आरएनए तितक्याच पटींत. स्वतःच्या आरएनएने पट्टी जायला हवी आणि असंबंधितने राहायला हवी. दोन्हींनी सारखीच गेली तर विशिष्टता नाही. आरएनए घालण्याआधी तो उकलून परत घडवा: ९५ अंशांवर २ मिनिटं, मग खोलीच्या तापमानाला ५ मिनिटं, मग मॅग्नेशियम घालून ३७ अंशांवर १५ मिनिटं. फ्रीजरमधून काढून थेट वापरलेल्या आरएनएमध्ये बरेच रेणू चुकीच्या घडीत असू शकतात आणि चुकीच्या घडीवर प्रथिनं फार उदारपणे चिकटतात.

पुढे शक्य झालं आणि परवाना असलेल्या प्रयोगशाळेत यूव्ही-क्रॉसलिंकिंग केलंत, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश प्रथिन आणि आरएनए फक्त अगदी चिकटून असलेल्या जागीच जोडतो, त्यातही ‘यू’शी जास्त. आरएनएज-ए फिरवल्यावर जो छोटा तुकडा प्रथिनाला लटकून राहतो, त्यातच किरणोत्सारी फॉस्फेट असला तरच पट्टी दिसते. फक्त यूटीपीला लेबल असेल आणि प्रथिन ‘यू’ नसलेल्या भागावर बसलं असेल, तर खरं बंधनही दिसणार नाही. अशा वेळी सीटीपीला लेबल लावून पुन्हा करतात.

लायसेटमध्ये वाढलेलं वाचन

दुपटीची वाढ ऐकायला चांगली वाटते, पण ती ‘ला’च्या कामाशिवायही येऊ शकते. टी-७च्या आरएनएत दुहेरी साखळीचा थोडा अंश असतोच. तो लायसेटमधल्या पीकेआर या एन्झाइमला जागं करतो. पीकेआर ईआयएफ-२ अल्फाच्या ५१व्या सेरीनवर फॉस्फेट लावतं आणि सगळंच ट्रान्सलेशन घसरतं. ‘ला’ दुहेरी आरएनए उलगडतं आणि पीकेआरला शांत करतं हे माहीत आहे. म्हणजे ‘ला’ घातल्यावर आलेली वाढ आयरेसवरच्या कामामुळे नसून फक्त पीकेआर थंडावल्यामुळे असू शकते. गुंतागुंत वाढवणारी गोष्ट अशी की पीकेआर दुहेरी आरएनएच्या कमी मात्रेवर जागं होतं आणि फार जास्त मात्रेवर पुन्हा दबतं. त्यामुळे आरएनएची मात्रा बदलली की निकालही उलटतो. तुमच्या निकालांत दर आठवड्याला फरक पडत असेल, तर आधी याच्यावर संशय घ्या.

तपासायचे मार्ग सोपे आहेत. त्याच नळीत कॅप लावलेला रेनिला आरएनए ठेवा. तोही दुप्पट झाला तर परिणाम आयरेसचा नाही. क्रिकेट पॅरालिसिस विषाणूचा आंतरजनुकीय आयरेस कोणत्याही सुरुवातीच्या घटकाशिवाय राइबोसोमवर बसतो. तो नियंत्रण म्हणून फारच मोलाचा आहे: ‘ला’ने तोही वाढला, तर तुम्ही लायसेटची तब्येत मोजताय. प्रतिक्रियेच्या शेवटी २ मायक्रोलिटर काढून फॉस्फो-ईआयएफ-२ अल्फाचा वेस्टर्न करा. आरएनए सेल्युलोजवर इथेनॉल मिश्रित बफरमधून गाळला तर दुहेरी अंश बराच निघून जातो. खर्चही फारसा येत नाही.

प्रथिनाबद्दलही दोन शब्द. ई. कोलायमधून काढलेलं ‘ला’ जिवाणूचा आरएनए घट्ट धरून येतं. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या वाचनांचं गुणोत्तर ०.६च्या आसपास हवं. ते १च्या वर असेल तर प्रथिनाच्या बऱ्याच जागा आधीच भरलेल्या आहेत. निकेल स्तंभावर असतानाच १ मोलर मिठाच्या बफरने धुवा, नंतर हेपरिनच्या स्तंभावरून काढा. मग ५०० नॅनोग्रॅम प्रथिन १०० नॅनोग्रॅम आरएनएसोबत ३० अंशांवर अर्धा तास ठेवून अॅगरोज जेलवर बघा. आरएनए विरघळून गेला तर आरएनएज आलेलं आहे. अशा प्रथिनाने मिळालेला ‘घट’ म्हणजे दमन नव्हे. शेवटी डायलिसिसचा बफर तितक्याच आकारमानात घातलेली नळी हवीच. १० मिलिमोलरचा थोडासा इमिडाझोल किंवा जादा मीठ एवढ्यानेही लायसेट बिघडतं.

मिठाचं प्रमाण प्रत्येक आरएनएसाठी वेगळं शोधावं लागतं. पोटॅशियम क्लोराइड ५० ते १५० मिलिमोलर आणि मॅग्नेशियम ०.५ ते २ मिलिमोलर अशी छोटी चौकट आधी भरून घ्या. आरएनए वाढवत नेला की प्रकाशाची वाढ एका मात्रेनंतर थांबते. ‘ला’चा परिणाम बघायचा तो त्या मात्रेच्या बराच खाली, चढणीच्या भागात. माथ्यावर पोहोचलेल्या नळीत कुठलंही प्रथिन काही वाढवू शकत नाही. ‘ला’ ५०, १००, २००, ४०० नॅनोग्रॅम अशा चार मात्रांत घाला. ४००ला वाचन परत खाली आलं तर घाबरू नका, आरएनए-बंधक प्रथिनं जास्त झाली की राइबोसोमच्याच जागा अडवतात. सगळ्यात पटणारा पुरावा मात्र उलट्या दिशेचा असतो. हीला अर्कातून प्रतिपिंडाने ‘ला’ काढून टाका, ट्रान्सलेशन घसरतं का बघा आणि शुद्ध ‘ला’ परत घालून ते उठतं का बघा. सोबत आरएनएशी बंधन तुटलेलं उत्परिवर्तित ‘ला’ घाला, त्याने उठायला नको.

सायआरएनएचा निकाल शून्य का आला

इथे मला वाटतं सर्वात मोठं कारण जागेचं आहे. ‘ला’ मुख्यतः केंद्रकात राहतं. संसर्ग न झालेल्या पेशीत प्लाझ्मिड घालून तुम्ही आयरेस मोजताय, म्हणजे पेशीद्रवात मुळात ‘ला’ कमीच असताना ते आणखी थोडं कमी करून बघताय. पोलिओच्या संसर्गात हे चित्र बदलतं. २ए प्रोटिएज केंद्रकाच्या छिद्रांमधली एनयूपी-६२, एनयूपी-९८, एनयूपी-१५३ ही प्रथिनं कापते आणि केंद्रकातली प्रथिनं बाहेर सांडतात. ३सी प्रोटिएज ‘ला’चं शेपूट छाटते. त्या शेपटातच केंद्रकात परतायचा पत्ता असतो. छाटलेलं ‘ला’ मग पेशीद्रवातच अडकतं, आणि तिथेच आयरेसचं काम चालू असतं. म्हणून केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे करून दोन्हीकडचं ‘ला’ मोजा, फक्त एकूण लायसेटमधलं नको. ७० टक्के घट एकूणात दिसली तरी पेशीद्रवातलं ‘ला’ तेवढंच राहिलेलं असू शकतं.

दुसरं कारण वेळेचं. फायरफ्लाय ल्युसिफरेज पेशीत काही तास टिकतं. सायआरएनएनंतर ४८ तासांनी प्लाझ्मिडमधून साठत आलेला प्रकाश मोजला, तर त्यात ‘ला’ भरपूर असतानाचं जुनं ल्युसिफरेज मिसळलेलं असतं. आधी सायआरएनए द्या, ४८ ते ६० तास थांबा, मग प्लाझ्मिड नव्हे तर तयार आरएनए ट्रान्सफेक्ट करा आणि ४ ते ६ तासांत वाचा. १२ खणांच्या प्लेटमध्ये एका खणाला १ मायक्रोग्रॅम पुरतो. यामुळे डायसिस्ट्रॉनिक प्लाझ्मिडचे दोन जुने रोगही टळतात. एक, यूटीआरच्या डीएनएतच लपलेला प्रवर्तक (जिथून आरएनए बनायला सुरुवात होते तो भाग). दोन, मध्येच होणारं स्प्लायसिंग (आरएनएचा मधला भाग कापून उरलेलं जोडणं), ज्यातून कॅप असलेला फायरफ्लाय आरएनए तयार होतो आणि तो आयरेसच्या नावावर खपतो. प्लाझ्मिड वापरायचंच असेल तर मूळ प्रवर्तक काढलेलं प्लाझ्मिड आणि रेनिलाविरुद्ध सायआरएनए, ही दोन नियंत्रणं सोडू नका. रेनिला पाडल्यावर फायरफ्लायही पडलं तरच दोघं एकाच रेणूवर आहेत.

तयार आरएनए वापरताना टोकाकडे लक्ष द्या. टी-७चा कॅप नसलेला आरएनए ५′ टोकाला तीन फॉस्फेट घेऊन येतो. पेशीतली आयएफआयटी कुटुंबातली प्रथिनं असा परका आरएनए ओळखून त्याचं ट्रान्सलेशन अडवतात. हीसुद्धा आरएनएला चिकटून ट्रान्सलेशन रोखणारी पेशीची प्रथिनंच आहेत, फक्त विषाणूच्या विरोधात उभी. फॉस्फेटेजने टोक साफ करा, किंवा ए-तीन फॉस्फेट-जी अशी निकामी कॅप लावा, म्हणजे आयरेसवरूनच सुरुवात होईल.

तिसरं कारण, गुणोत्तर. ‘ला’ कमी झाल्यावर टीआरएनएची जडणघडण बिघडते आणि पेशीच आजारी पडते. दोन्ही ल्युसिफरेज सारखेच खाली आले तर गुणोत्तर ‘तेच’ दिसतं. फायरफ्लाय आणि रेनिलाचे कच्चे आकडे वेगळे मांडा. आरएनएचं प्रमाणही क्यूपीसीआरने मोजा, कारण प्रथिन कमी झाल्यावर आरएनए लवकर कुजला तर तो ट्रान्सलेशनचा परिणाम नव्हे. हेपॅटायटिस-सीमध्ये हाच घोळ सर्वांना छळतो. यकृतातला मायआर-१२२ हा छोटा आरएनए आणि त्याचं साथीदार प्रथिन अॅगो-२ विषाणूच्या ५′ टोकावर दोन ठिकाणी बसतात आणि आरएनए टिकवतात. नुसता प्रकाश बघणारा त्याला ट्रान्सलेशनची वाढ म्हणून मोकळा होतो.

आणि सायआरएनएचा पुरावा पूर्ण तेव्हाच होतो, जेव्हा सायआरएनएला दाद न देणारं ‘ला’ परत घालून आयरेस उठतो. पीटीबीवर हेच करणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. पीटीबी पाडलं की त्याचं भावंड एनपीटीबी वर येतं, कारण पीटीबीच त्याचं स्प्लायसिंग दाबून ठेवतं. भावंड काम सांभाळून घेतं आणि निकाल शून्य येतो. दोन्ही एकत्र पाडावी लागतात. पीसीबीपी-१ आणि २ यांच्याबाबतही भावंडाची शंका मनात ठेवावी.

ट्रान्सलेशन आणि प्रतिकृती वेगळ्या काढणं

कधी पुढे रेप्लिकॉनवर (स्वतःच्या प्रती काढणारा विषाणूचा आरएनए) गेलात तर हा भाग लागेल, आणि माझ्या मते पूर्ण विषयाचं मर्म इथेच आहे. राइबोसोम आरएनए ५′कडून ३′कडे वाचतो. विषाणूचा पॉलिमरेज त्याच साच्यावर ३′ टोकापासून उलटा येतो. एकेरी लोहमार्गावर दोन्ही बाजूंनी गाड्या सोडता येत नाहीत, तसं एका रेणूवर एका वेळी एकच काम होतं. विषाणूला आधी प्रथिनं हवीत, मग मार्ग रिकामा करून प्रती. हा बदल पेशीच्याच प्रथिनांवर घडवला जातो. पोलिओमध्ये पीसीबीपी-२ सुरुवातीला आयरेसच्या चौथ्या वळणावर बसून ट्रान्सलेशनला मदत करतं. संसर्ग पुढे सरकला की ३सी/३सीडी प्रोटिएज त्याचा शेवटचा केएच (आरएनए धरणारा) भाग तोडते. उरलेलं पीसीबीपी-२ आयरेसला उपयोगी पडत नाही, पण ५′ टोकाच्या तीनपानी घडीवर ३सीडीसोबत बसून प्रतिकृतीला मदत करतच राहतं. पीटीबीही कापलं जातं. तेच प्रथिन, तोच आरएनए, पण काही तासांनी काम वेगळं.

म्हणून संसर्गात ‘ला’ पाडल्यावर विषाणूचे प्लाक (पेशींच्या थरात विषाणूने पाडलेली भोकं) कमी झाले, तर त्यातून ट्रान्सलेशनबद्दल काहीच कळत नाही. पॉलिमरेज निकामी केलेलं रेप्लिकॉन घ्या, किंवा २ मिलिमोलर ग्वानिडिन हायड्रोक्लोराइड घाला. एन्टेरोविषाणूंत ते २सी प्रथिनावर काम करून प्रतिकृती थांबवतं, ट्रान्सलेशनला हात लावत नाही. पहिल्या २ ते ४ तासांतला प्रकाश मग निव्वळ ट्रान्सलेशनचा. शेवटचा शिक्का पॉलिसोमचा (एका आरएनएवर चढलेली राइबोसोमांची माळ): सायक्लोहेक्झिमाइड १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, १० ते ५० टक्के सुक्रोजचा उतार, ४ अंशांवर अल्ट्रासेंट्रिफ्यूज आणि उताराच्या प्रत्येक थरात विषाणूचा आरएनए मोजायचा. ‘ला’ पाडल्यावर आरएनए जड भागातून हलक्या भागाकडे सरकला तर राइबोसोम कमी चढताहेत हे डोळ्यांना दिसतं.

पेशीमध्ये ‘ला’ आणि आरएनए खरोखर एकत्र असतात हे प्रतिपिंडाने ओढून दाखवताना पेशी फोडण्याआधीच यूव्ही किंवा सौम्य फॉर्मल्डिहाइडने जोडून घ्या. न जोडता फोडलं तर केंद्रकातलं ‘ला’ नळीतच पेशीद्रवातल्या आरएनएला भेटतं आणि तुम्ही त्या भेटीचा फोटो काढता. एका प्लेटमध्ये टॅग लावलेलं ‘ला’, दुसरीत विषाणूचा आरएनए, दोन्ही फोडल्यावर मिसळून ओढा. आरएनए आला तर पद्धत फसवी आहे.

मदत करणाऱ्या प्रथिनांइतकीच रोखणारी प्रथिनं महत्त्वाची असतात, हेही सांगतो. मानवी ऱ्हायनोविषाणू-२चा आयरेस चेतापेशींत चालत नाही, कारण तिथे एनएफ-९० आणि एनएफ-४५ची जोडी त्याच्यावर बसते. मेंदूतल्या गाठीवरच्या प्रायोगिक उपचारात पोलिओला हाच आयरेस बसवून त्याची चेतापेशींतली धार काढली आहे. पोलिओच्या तोंडी लशीतही यूटीआरमधला एकेक बदल मोठं काम करतो. सेबिनच्या पहिल्या प्रकारात ४८०व्या, दुसऱ्यात ४८१व्या आणि तिसऱ्यात ४७२व्या जागी एक अक्षर बदललं आहे. तिन्ही आयरेसच्या पाचव्या वळणात येतात आणि चेतापेशींतलं ट्रान्सलेशन कमकुवत करतात. बूथवर बाळाला पाजल्या जाणाऱ्या दोन थेंबांची सुरक्षितता काही अंशी अशा एका अक्षरावर उभी आहे. म्हणून उत्परिवर्तन केल्यावर ‘बंधन तुटलं’ एवढंच लिहून थांबू नका. घडीही मोडली असेल, तर प्रथिनाला दोष देता येणार नाही. समोरच्या बाजूला जोडीदार अक्षर बदलून घडी परत जुळवा आणि मग बंधन बघा.

नाशिकमध्ये बसून काय करायचं

डायसिस्ट्रॉनिक प्लाझ्मिड, आरएनए बनवणं, लायसेटमधले प्रयोग, सायआरएनए आणि वेस्टर्न, हे सगळं एका साध्या पेशीसंवर्धन कक्षात होतं. यात जिवंत विषाणू लागत नाही, फक्त संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता घ्या. जिवंत कॉक्सॅकी बी-३ला जैवसुरक्षा स्तर-२ हवा. पॉलिसोम, यूव्ही-क्रॉसलिंकिंग आणि टोप्रिंटिंगसाठी (राइबोसोम आरएनएवर नेमका कुठे बसला ते शोधण्यासाठी) पुण्या-मुंबईतल्या संशोधन संस्थांमध्ये काही दिवसांची जागा मागणं सोपं पडतं. तिकडे नमुने न्यायचे तर पुरेसा कोरडा बर्फ घ्या. उन्हाळ्यात सिन्नरच्या पुढे डबा उघडून बघायचा मोह आवरा. आरएनए ७० टक्के इथेनॉलमध्ये अवक्षेप म्हणून न्या, तो गोठवलेल्या पाण्यातल्या आरएनएपेक्षा सहनशील असतो. महाविद्यालयात वीज जात असेल तर तोच मार्ग उणे २० अंशांच्या फ्रीजरसाठीही योग्य. लायसेट मात्र आल्या आल्या ३५ मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८०ला ठेवा. दोनदा गोठलेल्या-वितळलेल्या लायसेटवर आयरेसचा प्रयोग करू नका. आणि ट्रिसच्या बफरला डीईपीसी लावू नका, दोघं एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि आरएनएज तसंच राहतं. डीईपीसी लावून उकळलेल्या पाण्यात ट्रिस नंतर विरघळवा.

प्राणिपेशी आणि विषाणू हे सगळंच अवघड वाटत असेल, तर नाशिकलाच साजेसा जवळचा विषय आहे. कांद्यावरचा यलो ड्वार्फ विषाणू पोटी कुळातला. या कुळात आरएनएच्या ५′ टोकाला कॅपऐवजी व्हीपीजी नावाचं प्रथिन सहसंयुज बंधाने जोडलेलं असतं आणि ते वनस्पतीच्या ईआयएफ-४ईला धरतं. मिरचीतली काही जुनी प्रतिरोधक जनुकं ही ईआयएफ-४ईचीच बदललेली रूपं आहेत: पेशीचं काम चालतं, विषाणूला मात्र हात धरता येत नाही. लासलगावच्या आसपासच्या वेगवेगळ्या वाणांतून ईआयएफ-४ईचं जनुक पीसीआरने काढून अक्षरं वाचणं, एम-७-जीटीपीच्या (कॅपसारख्या रेणूच्या) मण्यांवर पानांच्या अर्कातलं ईआयएफ-४ई पकडून १०० मायक्रोमोलर एम-७-जीटीपीने सोडवणं, आणि ई. कोलायमध्ये बनवलेलं व्हीपीजी त्याला चिकटतं का बघणं. यात किरणोत्सार नाही, जैवसुरक्षा कक्षही नाही. कांद्याच्या पानांचा अर्क चिकट आणि फेनॉलने भरलेला असतो, म्हणून कुटतानाच २ टक्के पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल घाला, नाहीतर मणी तपकिरी होतात आणि प्रथिन कधीच सुटत नाही.